तळव्याखालचा शब्द

प्लास्टर निघून तीन आठवडे झाले, तरी अण्णा उजवा पाय जमिनीला टेकवेनात. चाळीस वर्षं कॉलेजच्या बागेत माळीकाम केलेला माणूस शिडीवरून पडला आणि खुर्चीला चिकटला. हाड सांधलं होतं, पण मनाने हाय खाल्ली होती.

त्यांची मुलगी शाळकरी मुलांसाठी इंग्रजी-मराठी शब्दकोश करत होती. त्या आठवड्यात तिचं घोडं 'प्लांट'पाशी अडलं होतं. रोप म्हणजे प्लांट, कारखाना म्हणजे प्लांट, झाड लावणं म्हणजेही प्लांट! त्यात अण्णांना पायाचे व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई कागदावर काहीतरी खरडून गेल्या.

"काय लिहिलंय गं?" अण्णांनी विचारलं.

"प्लांटर एक्सरसाइज... म्हणजे तळव्याचा व्यायाम."

"प्लांट म्हणजे रोप ना? माझ्या पायात कुठलं रोप उगवलं?"

ती हसली, पण तिला चैन पडेना. तिने जाडजूड कोश काढला आणि ओरडलीच, "अण्णा, लॅटिनमध्ये 'प्लांटा' म्हणजे पायाचा तळवा! आणि रोपसुद्धा! रोप लावताना माती पायाने दाबायची, त्यावरून हे आलं असावं म्हणतात."

"एवढ्यासाठी कोश कशाला? मला विचारायचंस. माती दाबली नाही, तर मुळाशी पोकळी राहते. रोप जीव धरत नाही."

कुंडीतलं लिंबाचं रोप कधीचं खुरटलं होतं. तिने ते मागच्या दारी लावलं आणि हातांनी माती थोपटू लागली. अण्णा दारातल्या खुर्चीवरून बघत होते.

"अगं, बाळ झोपवतेयस का? पाय लाव!"

तिने टाच रोवली.

"टाचेने नको, मुळं चेचशील! सपाट तळवा ठेव... छे! सर बाजूला."

बोलता बोलता ते उठलेही होते. एक हात काठीवर, दुसरा लेकीच्या खांद्यावर. उजवा पाय क्षणभर अधांतरी थांबला, मग मऊ मातीवर उतरला. त्यांचा चेहरा आक्रसला.

"दुखतंय?"

"दुखतंय. पण पेलतोय."

रोपाभोवती एक फेरी घालायला त्यांना पाव तास लागला. शेवटी घामाघूम होऊन ते भिंतीला टेकले आणि म्हणाले, "उद्या सकाळी पाणी मी घालणार. तू मध्ये मध्ये करू नकोस."

दुसऱ्या दिवशी भरलेली झारी लेकीने उचलली खरी, पण अण्णा काठी टेकत तिच्या आधीच मागच्या दारी पोहोचले होते.