न सांगितलेली दुसरी प्लेट

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी रुग्णालयातून फोन आला. केमोसाठी ठरलेली खुर्ची रिकामी होती. मागच्या सोमवारीही रिकामीच होती, असं सिस्टर म्हणाल्या. बाराला औषध मिसळायला घेतात. तोवर पेशंट आली नाही तर पाळी आणखी पुढे जाईल, आणि गाठ काही कुणाच्या पाळीसाठी थांबत नाही.

फोन घेतला पेशंटच्या धाकट्या बहिणीनं. कांद्याच्या सालीतलं पिवळं द्रव्य तांब्याशी जोडायचं आणि ते कर्करोगाच्या पेशींचं काय करतं ते पाहायचं, हे तिचं प्रयोगशाळेतलं काम. अंगातला अ‍ॅप्रन काढायचंही न सुचता ती निघाली.

ताईच्या स्वयंपाकघरात तांब्याचं पातेलं रटरटत होतं. आत कांद्याच्या साली. शेजारच्या बरणीत आणखी, धुऊन वाळवलेल्या. डोक्याला रुमाल बांधून ताई ढवळत होती.

"कांद्यानं जन्मभर रडवलं, आता जरा कामी येऊ दे," ताई म्हणाली. "लिंबूही पिळते. तांबं चांगलं उतरतं."

धाकटीनं गॅस बंद केला. ताईनं पुन्हा लावला. आंबट घालून तांब्यात उकळलं तर पोटात विषच जातं, असं धाकटीनं परोपरीनं सांगितलं. ताईनं ऐकून घेतलं आणि महिन्यापूर्वी जेवताना धाकटीनं मिरवलेली बातमी तिच्यापुढे ठेवली: तांब्याशी जोडल्यावर ते द्रव्य कितीतरी जोरदार होतं, दोन दिवसांत प्रयोगशाळेतल्या प्लेटमध्ये वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशी साफ.

"मग खोटं तेव्हा बोललीस की आता?"

साडेदहा वाजले होते.

"तेव्हा अर्धं बोलले," धाकटी म्हणाली. "शेजारी दुसरी प्लेट होती. तिच्यात निरोगी पेशी होत्या. त्याही मेल्या."

"आणि हे पोटात ठेवलंस?"

"तुझा चेहरा खुलला होता, ताई. आणि मलाही कौतुक हवं होतं."

मग तिनं शांतपणे समजावलं. ते संयुग कणाकणानं मोजून बनवतात, ते पातेल्यात बनत नाही. प्लेटला यकृत नसतं, मूत्रपिंड नसतं, माणसाला असतं. प्लेटपासून माणसापर्यंतच्या वाटेवर वर्षं जातात, आणि बहुतेक द्रव्यं वाटेतच गळतात.

"आमच्या कामात आशा आहे, पण ते अजून औषध नाही. तुझं औषध त्या खुर्चीपाशी आहे."

ताईनं ढवळणं थांबवलं.

"केमोच्या उलट्यांना भ्याले गं," ती शेवटी म्हणाली. "पण या काढ्यानंही होतातच. तुम्हा कुणाला सांगितलं नाही."

या वेळी गॅस तिनं स्वतः बंद केला.

वाचकहो, संशोधनाची बातमी घरी न्यायची तर दोन्ही प्लेटा न्याव्यात. आणि ऐकणाऱ्यानं हातचं औषध सोडण्याआधी डॉक्टरांना एकदा विचारावं. अर्धी बातमी खोट्याहून वाईट, कारण तिच्यावर विश्वास बसतो!

पावणेबाराला दोघी रुग्णालयात पोचल्या. काढ्याचं ऐकून डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला पाठवलं. यकृताचा अहवाल पाहिल्याशिवाय औषध मिसळायचं नाही, असं त्यांनी सांगितलं.

बारा वाजून वीस मिनिटांपर्यंत अहवाल आलेला नव्हता. खुर्ची मात्र रिकामी नव्हती; ताई तिच्यात बसली होती.