वांडाने केलेली माळ

"नळी रिकामी आलीय! तीन आठवडे काय केलंत?" वरच्या मजल्यावर पेशींवर औषधं तपासणाऱ्या तरुण लेनोरने फोनवरच तोंडसुख घेतलं आणि वांडाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बाल्टिमोरच्या एका प्रयोगशाळेत तीस वर्षं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनांचे छोटे तुकडे, बनवणारी ही वांडा. एकेक अमिनो आम्ल ओवून वीस मण्यांची माळ करायची, मग ती शुद्ध करून, गोठवून वाळवायची. या नळीतली माळ तर तिने जिवाचं रान करून केलेली. डोळ्याच्या पडद्याखाली नव्याने फुटणाऱ्या नको त्या रक्तवाहिन्या रोखायला ती हवी होती, आणि असल्या वाहिन्या वांडाच्याच उजव्या डोळ्यात होत्या. त्यासाठी दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शनची सुई! वैऱ्यावरही अशी वेळ येऊ नये.

दोन जिने चढून ती धापा टाकत वर पोचली.

"कुठाय नळी?"

"कचऱ्यात. उजेडात धरून बघितली की, वांडाबाई. आत काही नव्हतंच."

"डॉक्टरेट मिळाली, पण अक्कल कुठं चरायला गेली गं? वाळलेलं पेप्टाइड काय साखरेसारखा ढीग घालून बसतं? भिंतीला चिकटतं. दिसत नाही!"

लेनोरचा चेहरा खर्रकन उतरला. दोघींनी हातमोजे चढवून कचऱ्याचा डबा पालथा केला. पन्नासेक नळ्या, सगळ्या सारख्या. उजवा डोळा मिटून वांडा एकेका नळीवरची चिठ्ठी नाकाशी धरून वाचत बसली.

"सापडली गं बाई!"

नळीत पाणी सोडून, भिंतीवरून नीट फिरवून घेतल्यावरच तिने ती लेनोरच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी लेनोरने तिला ओढतच सूक्ष्मदर्शकाशी नेलं. औषध न घातलेल्या बशीत रक्तवाहिन्यांच्या पेशींनी हातात हात घालून जाळं विणलं होतं. वांडाचं पेप्टाइड घातलेल्या बशीत त्या रुसल्यासारख्या सुट्या बसल्या होत्या.

"मेल्या तर नाहीत ना?"

"जिवंत आहेत. दोनदा तपासलं."

वांडाला आनंदाने रडूच कोसळलं.

"आता तुमच्या डोळ्यात हेच घालू," लेनोर म्हणाली.

"अगं येडे, आधी उंदीर, मग ससे, मग माणसं. दहा वर्षं कुठं गेली नाहीत. तोवर हा डोळा थांबतोय होय?"

काल फोनवर आपण काय बोललो ते आठवून लेनोरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तोंड कसलं पाडतेस? दुसऱ्या कुणाचा वाचेल की. नळीत किती उरलंय?"

"अर्धं."

"उंदरांना पुरायचं नाही. दुपारी नवी माळ लावते."

आणि वांडा कठडा धरून, एकेक पायरी पायाने चाचपत खाली गेली.