बेटावरचं कुसळ

धक्क्यावरच्या तपासणीच्या खोलीत वहिनींचा शब्द शेवटचा. बेटावर जाणारा कितीही मोठा असो, त्याने स्टुलावर बसायचं, बूट काढायचे, खिसे उलटे करायचे आणि वहिनींनी चिमटा नि ब्रश घेऊन शिवणीशिवणीतून बी शोधायचं. बेटावरचे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. तिथे बाहेरचं गवत माजलं तर बिचाऱ्यांना टेकायला जागा उरायची नाही. एका प्राध्यापकांनी कुरकुर केली, तेव्हा वहिनींनी त्यांचे मोजे पुन्हा पहिल्यापासून तपासले होते.

खरं तर त्या फक्त नावाड्याच्या वहिनी. तो त्यांचा धाकटा दीर, त्याचं ऐकून सगळा धक्काच वहिनी म्हणू लागला. स्टुलावर बसताना त्याचं रोजचं एकच: "जपून हं वहिनी, खिशात अख्खं जंगल आहे!" त्या दटावायच्या आणि गालातल्या गालात हसायच्या.

मग कुसळी गवत उगवलं. तेही कुठे, तर बेटावरच्या झोपडीच्या पायरीशी, जिथे वहिनींचे यजमान महिनोन्महिने राहून पक्षी मोजतात. बेटाचा कारभार बघणाऱ्या मोठ्या मॅडमनी विचारलं, "आलं कुठून हे?" आणि वहिनींच्या तोंडून फटकन निघून गेलं, "भावजींकडून. तेच बसतात त्या पायरीवर चहाला. विजार झटकली की झालं, असा त्यांचा कारभार." मॅडमनी दुसरा नावाडी शोधला.

तेव्हापासून घरात कुणाच्या घशाखाली घास नीट उतरत नव्हता. जाऊबाई भांडी आपटायच्या. दीर भिंतीकडे तोंड करून जेवायचा आणि मीठ हवं असलं तर म्हणायचा, "बाई, जरा मीठ." बाई! वहिनींना तो शब्द चटका बसल्यासारखा लागायचा. त्या धुतलेले कपडे पुन्हा धुवायच्या, झाडलेलं पुन्हा झाडायच्या, खाटेवर टेकल्या की लगेच उठायच्या. कारण एक गोष्ट काही केल्या पाठ सोडत नव्हती. दर खेपेला त्याला तपासलं होतं कुणी? त्यांनीच. म्हणजे एकतर तो स्वच्छ होता, नाहीतर आपली नजर आंधळी. दोन्हींतलं एकही त्यांना गिळवत नव्हतं.

आज दीर होडीची किल्ली नव्या माणसाला देणार होता. वहिनी खोलीत लवकर आल्या, दर खेपेसारखी बेटावर यजमानांना पाठवायची पिशवी टेबलाखालच्या फळीवर ठेवली. त्यांच्याच जुन्या स्वेटरची शिवलेली, मऊ. आत वर्तमानपत्रं, साबण, नवी विणलेली टोपी. प्रत्येक वस्तू घरी दोनदा तपासून त्यांनी पिशवीचं तोंड घट्ट बांधलं होतं.

पहिला प्रवासी बसला. त्याच्या बाहीतून वहिनींनी कुसळ उपटलं, पण लक्ष बाहेर होडीकडे होतं. ते डबीत पडायचं, ते टेबलावरून खाली घरंगळलं. "इथेच बसा," म्हणून त्या बॅटरी घेऊन गुडघ्यांवर बसल्या.

कुसळ पिशवीवर पडलं होतं. आणि ते एकटं नव्हतं.

लोकरीत जुनीही होती, मागच्या खेपांची. ओल लागली की कुसळाचा पीळ उलगडतो, बी गोल फिरत आत शिरतं, आणि धक्क्यावरच्या हवेत ओलीला काय तोटा! वहिनींनी गाठ सोडली. एक कुसळ अस्तर भेदून थेट टोपीत घुसलं होतं. जगाच्या मोज्यांतून काढलेलं बी त्या याच टेबलावर काढत होत्या, आणि टेबलाखाली आपल्या मायेची पिशवी ठेवत होत्या. बांधल्यावर ती पुन्हा तपासायची, हे कधी डोक्यातच आलं नाही.

वर बसलेल्या माणसाला काही दिसलं नव्हतं. टोपी पिशवीत कोंबून घरी न्यायची, चुलीत घालायची. कोण विचारणार होतं? बाहेर भोंगा वाजला.

त्या पिशवी घेऊन अनवाणीच धक्क्यावर आल्या. मॅडम, नवा माणूस आणि किल्ली धरलेला दीर, तिघंही होडीपाशी उभे होते.

"मॅडम, ते बी मी पाठवलं," वहिनी म्हणाल्या. "भावजींनी नाही. हे बघा."

मॅडमनी लोकर उलटीसुलटी करून पाहिली. "तुम्हाला उद्यापासून त्या खोलीत ठेवता येईल का, मला सांगता येत नाही."

"ते तुमचं तुम्ही ठरवा. आधी किल्ली त्यांच्याकडेच राहू द्या."

मॅडमनी मान डोलावली. नवा माणूस बाजूला झाला. दीराने वहिनींकडे न बघता किल्ली खिशात टाकली.

वहिनी खोलीत परत गेल्या. प्रवाशाला उठवून स्वतः स्टुलावर बसल्या. दीर दाराशी आला, तेव्हा त्यांनी चिमटा त्याच्यापुढे धरला. "भावजी, आता मला तपासा."

तो खाली बसला. साडीचा काठ उलटून बघू लागला. एक निघालं. डबीत टाकलं. आणखी एक. वहिनी जंगलाच्या थट्टेची वाट बघत होत्या, पण थट्टा काही आली नाही. आता आयुष्यभर हा आपल्याशी असाच वागणार, असं त्यांना वाटलं.

त्याने डबी जवळ ओढली, मान वर केली नाही.

"दुसरा पाय पुढे करा, वहिनी," तो म्हणाला.