दोन्ही हातांचा पेला

नामाने कप टेबलावरून परत सरकवला.

"ह्यो लहान पोराचा कप हाय, बाई. दोन बाजूंना दोन कान! लोक हसतील."

आणि तो फाटकाकडे चालू लागला. सुचेताबाईंनी कप उचलून फळीवर ठेवला. तो त्यांनी नामासाठीच बरेच दिवस खपून केला होता.

खालापुरातल्या घराच्या गॅरेजात बाई मातीची भांडी करायच्या. जन्म शाळेत गणित शिकवण्यात गेला. निवृत्त झाल्यावर पुण्याला जाऊन हे शिकल्या, विजेचं चाक आणि लहानशी भट्टी घेऊन आल्या. नामाची बायको इंदूबाई कुंभिवलीहून रोज माती मळायला येई. गेल्या वर्षापासून नामाचे हात थरथरत होते. गोळ्या चालू होत्या, तरी पेला तोंडाशी नेईपर्यंत निम्मा चहा सदऱ्यावर सांडे. हळूहळू त्याने चारचौघांत बसणंच सोडलं.

"सुरभीचा साखरपुडा आला," इंदूबाई माती मळता मळता म्हणाली. "ह्ये म्हंतात, पावनं आलं का मी शेतावर जाऊन बसतो. आजाच नाय म्हटल्यावर पोरीला कसं वाटंल, सांगा."

दुसऱ्या दिवशी बाई ओल्या मातीचा गोळा घेऊन कुंभिवलीला गेल्या. नामा ओटीवर बसला होता.

"नामाभाऊ, हा धरा. चहाचा पेला धरल्यासारखा."

"हात हालतो माझा, बाई."

"हालू दे. धरा तुम्ही."

नामाने एका हाताने धरला, मग दुसराही लावला. दोन्ही तळवे दाबले, कोपरं पोटाशी घेतली, आणि थरथर थोडी कमी झाली. मातीत बोटं रुतली. बाईंनी तो गोळा तसाच ओल्या फडक्यात गुंडाळून घरी नेला.

त्या ठशांवरून त्यांनी पेला घडवला. जड बूड, बोटांना खोबणी, आणि चहा हिंदकळला तर परत फिरावा म्हणून आत वळलेला काठ. पहिले पेले भट्टीत तडकले. पुढचे नीट निघाले. पण बाई एक पेला हातात घेऊन उलटसुलट फिरवत राहिल्या.

"काय झालं, बाई? चांगला तर हाय."

"इंदूबाई, एकट्या त्यांनाच असा दिला तर तो आजाऱ्याचा पेला होईल. साखरपुड्याला सगळ्यांना हेच द्यायचे."

"समद्यांना? अवो, तुमचं मनगट केवढं सुजलंय! आनि तुमचं ते पुन्याचं प्रदर्शन?"

"त्यांना कळवलंय, येत नाही म्हणून."

त्या प्रदर्शनाची बाई वर्षभर वाट पाहत होत्या, हे इंदूबाईला ठाऊक होतं. ती जास्तीची माती मळायला बसली. मनगटाला पट्टी बांधून बाई चाकावर बसत. फळ्या भरल्या, खिडक्या भरल्या, शेवटी स्कूटरच्या सीटवरही पेले वाळू लागले.

साखरपुड्याला अंगणात मांडव पडला. सुरभी हट्टाने आज्याला हाताला धरून घेऊन आली. तो कडेच्या खुर्चीवर अंग चोरून बसला. शेजारी मुलाचे आजोबा, पोपटराव. चहा आला. पोपटरावांनी पेला दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "ब्येस हाय की! हाताला कशी ऊब लागते."

नामाने इकडेतिकडे पाहिलं. सगळेच दोन्ही हातांनी पीत होते.

इंदूबाईने भीत भीत त्याच्या पेल्यात थोडाच चहा ओतला. त्याने कोपरं पोटाशी घेतली, पेला उचलला. चहा काठापर्यंत चढला आणि आत वळला. तो प्याला. मग पोपटरावांनी भाताचं विचारलं, आणि नामा यंदाच्या बियाण्याबद्दल सांगत सुटला. सांगता सांगताच त्याने पेला बायकोपुढे धरला.

"अर्धाच का घातलास गं? भर की पुरता."

इंदूबाईने लांब बसलेल्या बाईंकडे एकदा पाहिलं आणि पेला काठोकाठ भरला. थोडा चहा नामाच्या धोतरावर सांडला. त्याने तो हाताने झटकला, आणि पोपटरावांना पुढचं सांगू लागला.