ताईच्या झाडाच्या काड्या

कलमं बांधायचे दिवस जवळ आले की धाकटीचं कामात लक्ष लागेनासं व्हायचं. हात रोपांच्या पिशव्यांत माती भरत असायचे आणि कान रस्त्याकडे. टेम्पोवाला येणार, पुढच्या सीटवरून ओल्या गोणपाटात गुंडाळलेली मोळी उतरवणार आणि म्हणणार, "थोरल्या बाईंनी दिलंय." यापलीकडे एक अक्षर नाही. धाकटीही "बरं" एवढंच म्हणून त्याला वाटेला लावायची. टेम्पो वळणाआड गेला की मोळी शेडमध्ये न्यायची, दार लोटायची आणि मगच सोडायची.

आत आंब्याच्या काड्या असत. कोयीपासून वाढवलेल्या रोपाचा शेंडा छाटायचा, त्यात चीर द्यायची, चांगल्या झाडाची काडी बसवायची आणि पट्टीने घट्ट बांधायचं, की झालं कलम. आता कुणी म्हणेल, काड्याच त्या, त्यात दार लोटण्यासारखं काय आहे? आहे. काडी आज तोडली आणि आज बांधली असं चालत नाही. आठवडाभर आधी ती झाडावर असतानाच तिची पानं छाटून ठेवावी लागतात, तेव्हा कुठे तिचे डोळे, म्हणजे फुटायचे कोंब, फुगतात. म्हणजे मोळी यायच्या आठवडाभर आधी थोरली शिडी लावून झाडावर चढलेली असणार. एकेक फांदी निवडून पानं छाटत असणार. आणि तेव्हा तिच्या मनात धाकटीशिवाय दुसरं कोण येणार? निदान धाकटीचा हिशेब असा होता. वर्षातला एक आठवडा ताईला आपली आठवण येते, एवढ्यावर ती बाकीचं वर्ष काढायची.

समोरासमोर बोलणं मात्र बंद होतं, तेही वडिलांच्या मागे वाटणी झाली तेव्हापासून. विहीर, शेड आणि खालची सपाट जमीन धाकटीला मिळाली. टेकाडावरचं घर आणि अंगणातलं काड्यांचं ते आंब्याचं झाड थोरलीला. वाटणी रास्तच होती, पण धाकटीचा जीव झाडात होता आणि राग नाकावर. "घेऊन बस तुझं झाड उशाला," ती म्हणाली होती. "तुझ्या अंगणात पुन्हा पाय ठेवणार नाही." भांडावं धाकटीने आणि गप्प बसून जिंकावं थोरलीने, हे लहानपणापासून चालत आलेलं. पुढच्याच हंगामात न मागता पहिली मोळी आली. परत पाठवावी असं धाकटीच्या मनात आलं होतं, पण कलमं बांधणाऱ्या बाईला काडी सुकताना बघवत नाही. तिने कलमं बांधली. डोळे पुसत बांधली, हे मात्र कुणाला सांगितलं नाही.

आणि यंदा सरकारने नवा नियम आणला.

नियम अगदीच वेडगळ होता असं नाही. रस्त्याकडेला कसलीही रोपं विकणारे बोकाळले होते. लोकांनी वर्षानुवर्षं पाणी घालून झाडं वाढवायची आणि फळ यायचं ते भलतंच. म्हणून ठरलं, की ज्या झाडाची काडी, ते झाड रोपवाटिकेच्याच नावावर हवं. ते नसेल तर काड्या सरकारी बागेतून घ्यायच्या. बाहेरच्या झाडाचं कलम विकायचं नाही. धाकटीच्या धंद्याला याने काही धक्का लागणार नव्हता, सरकारी काड्या मुबलक होत्या. तरी नियम ऐकला तेव्हा तिच्या मनात दुसरंच आलं. यापुढे ताई शिडी कशाला लावेल?

कृषी कार्यालयाच्या सभागृहात रोपवाटिकावाल्यांना आणि झाडांच्या मालकांना बोलावलं होतं. धाकटी लवकर जाऊन मागच्या खुर्चीवर बसली. थोरली आली ती सरळ पुढच्या रांगेत. केस बरेच पिकले होते, गुडघा धरून बसत होती. या गुडघ्याने शिडी चढते का ही? धाकटीला उठून तिच्याजवळ जावंसं वाटलं, इतकं वाटलं की तिने खुर्चीची कड धरून ठेवली.

अधिकारी तरुण होता, सर्दीने बेजार झालेला, त्यात डोक्यावरचा पंखा खडखडत होता. त्यामुळे बिचाऱ्याला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागत होती. एका लिंबूवाल्याने त्याच्याशी पुरेशी हुज्जत घातली, मग या दोघींची पाळी आली.

"झाड थोरल्या बाईंचं, रोपवाटिका धाकट्या बाईंची," तो म्हणाला. "तुम्ही बहिणी ना? मग मार्ग आहे. कुटुंब एकच आहे असं दोघींनी सांगा. झाड आणि त्याखालची जागा रोपवाटिकेच्या नावावर घेऊ. झाडाची कलमांसाठीची नोंदही राहील, काड्याही चालू राहतील."

पंख्याच्या आवाजात ते सगळ्यांना नीट ऐकू गेलं नाही, म्हणून त्याने पुन्हा सांगितलं. मग त्याने थोरलीकडे बघितलं.

थोरली मागे न वळता म्हणाली, "ती म्हणेल तसं."

इतक्या वर्षांनी ताई आपल्याविषयी बोलली, तेही चारचौघांत. हो म्हणायला धाकटी उभी राहिली, आणि त्याच क्षणी तिच्या लक्षात आलं, की हो म्हटलं की झाड आपल्या नावावर येणार. ज्या झाडावरून आपण एवढं आकांडतांडव केलं, तेच आज सरकारी नियमाच्या आडून लाटल्यासारखं होणार. ताईला काय वाटेल?

"नाही साहेब," ती म्हणाली. "आमचं वेगळं आहे."

थोरलीची मान किंचित खाली गेली. अधिकाऱ्याने नाक पुसलं, झाडाची नोंद रद्द केल्याचं सांगितलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

धाकटी बाहेर धावली तोवर थोरली टेम्पोत चढून बसली होती. टेम्पोवाल्याने दोघींकडे बघितलं आणि गाडीला काहीही झालेलं नसताना खाली उतरून चाक तपासू लागला.

"ताई," धाकटी खिडकीशी जाऊन म्हणाली. तो शब्द उच्चारून इतका काळ लोटला होता की तो तिचा तिलाच अनोळखी वाटला. "तुझं झाड माझ्या नावावर झालं असतं. म्हणून नाही म्हटलं गं."

"तुझ्या नावावर होणार हे माझ्या लक्षात आलं होतं," थोरली समोर बघत म्हणाली. "म्हणून तर तुझ्यावर सोडलं. मला द्यायचंच होतं ते तुला. वाटणीच्या वेळी सुचलं नाही, आणि नंतर तू कधी आलीच नाहीस."

परत आत जाऊन साहेबाचे पाय धरावेत असं धाकटीच्या मनात येऊन गेलं, पण आत आता दुसऱ्याच कुणाची हुज्जत चालू होती.

"मी येऊ तुझ्याकडे?" तिने विचारलं.

"आता काय करायला येतेस? काड्या तर बंद झाल्या."

"काड्यांसाठी नाही येत मी."

थोरलीने पहिल्यांदाच तिच्याकडे वळून बघितलं. डोळे भरलेले होते, पण आवाजात जुनाच करडेपणा होता.

"मग एवढी वर्षं कशासाठी थांबली होतीस?"

धाकटी टेम्पोचं दार उघडून चढली आणि थोरली सरकली तेवढ्या जागेत तिला चिकटून बसली.