तीनशे पोत्यांचा शब्द

रामीबाईला वाशिमच्या त्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेत बसवलं होतं आणि तोंड उघडायचं नाही अशी ताकीद दिली होती. आता रामीबाईला गप्प बस म्हणणं म्हणजे बैलाला शेपूट हलवू नको म्हणण्यासारखं! अकरा वर्षं ती ऊसतोड टोळीची मुकादम. चाळीस माणसं तिच्या एका हाकेवर उठतात. पण लेकीसाठी बसली बिचारी, तोंडाला पदर लावून.

लेक म्हणजे निता. किन्हीराजाजवळच्या तांड्यातली, बारावीत शिकणारी. स्पर्धा होती कंपनी चालवायची. खोटी कंपनी, बरं का! सहा कॉलेजांचे सहा गट, एकेका गटात पाच पोरं आणि प्रत्येक गटाला कॉम्प्युटरवर एक डाळमिल. अर्ध्या तासाची एक फेरी म्हणजे मिलचे तीन महिने. तूर घ्यायची, ऑर्डरी धरायच्या, डाळ काढून वेळेत पोचवायची. पाच फेऱ्या झाल्या की जो गट पहिला, तोच नागपूरच्या स्पर्धेला जाणार. निता तिच्या गटाची प्रमुख होती आणि चार महिने तिच्या तोंडी नागपूरशिवाय दुसरं गावच नव्हतं.

"खोट्या गिरणीतून खरी डाळ निघन का वं?" असं रामीबाईनं सकाळीच तिला डिवचलं होतं. पण भिंतीवरच्या पडद्यावर लेकीच्या कॉलेजचं नाव दुसऱ्या नंबरवर दिसलं, तेव्हा तिचाच ऊर भरून आला.

तिसऱ्या फेरीत घोळ झाला. ऑर्डरी धरायचं काम संघदीपकडे होतं. गडी जोशात येऊन नऊशे पोत्यांची ऑर्डर धरून बसला आणि मिल तर काढते सहाशे! तीनशे पोती वेळेवर गेली नाहीत तर गट मागं पडणार. संघदीपचं तोंड एवढंसं झालं.

"डोये घरी ठेवून आला का बे?" भागवत त्याच्यावर खेकसला. खरेदी सांभाळणारा हा पोरगा आधीच तापट. "निता, याले उठव. बाहेर आपला राखीव गडी बसला हाय."

"कोनी उठनार नाही," निता म्हणाली आणि स्वतःच उठली. सरळ शेजारच्या टेबलाशी गेली. तिथं धम्मरत्नचा गट होता, आतापर्यंत पहिल्या नंबरवरचा. त्यांना या फेरीत ऑर्डरच मिळाली नव्हती, मिल नुसती उभी होती.

"आमचे तीनशे पोते तुमच्या मिलवर काढून द्या," निता म्हणाली. "तुमाले अडलं का आमी तुमचे तीनशे काढून देऊ. सावड करू."

रामीबाई खुर्चीतच ताठ झाली. अगं बाई, ही तर फडातली सावड! गाडी भरायला उशीर झाला की शेजारची टोळी कोयते घेऊन आपल्या उसात उतरते आणि दुसऱ्या दिवशी आपण त्यांच्यात. कागद नाही, सही नाही. पोरगी लहानपणी बांधावर बसून हेच बघत होती, अन् आपल्याला वाटायचं की ती खेळते.

परीक्षक बाईंनी नियमांचं पुस्तक दोनदा चाळलं. "मनाई कुठं नाही," त्या म्हणाल्या. "पण असा करार नोंदवायला कॉम्प्युटरमध्ये जागाही नाही. पुढं कोणी फिरलं तर आम्ही मध्ये पडणार नाही."

"पलटशीन तं नाही?" धम्मरत्ननं विचारलं.

"नाही."

पोती निघाली. चौथ्या फेरीला निताचा गट चक्क पहिला! रामीबाईनं शेजारच्या अनोळखी बाईच्या मांडीवर थाप मारली. "माही पोरगी हाय ते!"

आणि शेवटच्या फेरीला धम्मरत्न येऊन उभा राहिला. त्याच्याकडे आता ऑर्डर होती नऊशेची. आपले तीनशे तो मागायला आला होता. इकडे निताची मिलही पुरी भरलेली. त्याला तीनशे दिले की आपली ऑर्डर अर्धी राहणार आणि नागपूर हातचं जाणार. हे रामीबाईलासुद्धा कळलं, मग पोरांना का कळणार नाही?

"पागल झाली का?" भागवत म्हणाला. "लिवून थोडीच देल्लं हाय!"

देऊ नको, नीते! रामीबाई मनातल्या मनात ओरडत होती. गिरणी खोटी, पोते खोटे, मंग शब्दच कायले खरा ठेवतं?

नितानं चौघांना जवळ बसवलं. "शब्द मी देल्ला, पण मिल पाचायची हाय. एकेकानं सांगा."

पहिला बोलला संघदीप. "चूक माही होती. देऊन टाकू." मग दोघी पोरी हो म्हणाल्या. भागवतनं कपाळाला हात लावला, पण शेवटी त्याचीही मान हलली.

तीनशे पोती दिली. थोडक्यासाठी पहिला नंबर हुकला, दुसरा आला. नागपूरला चालला धम्मरत्नचा गट.

संध्याकाळी घरी परतताना मालेगावहून शेलूबाजारकडे जाणाऱ्या जीपमध्ये गावचे दौलतराव भेटले. मोठे शेतकरी, आवाजही मोठा. "काय वं रामीबाई, पोरीचा पयला नंबर आला का?"

निता खाली मान घालून बसली. जीपभर माणसं ऐकत होती.

"दुसरा आला," रामीबाई खणखणीत बोलली. "आन् कायले आला ते बी आयका. पाच वर्साखाली फडात एका टोळीनं माही गाडी भरून देल्ली. त्यायची पाळी आली तं मी पलटली. म्हटलं, माह्ये मानसं बिमार हाय. एकही बिमार नोहतं! हे माही पोरगी. हातातलं नागपूर सोडलं, पन पलटली नाही. अकरा वर्साची मुकादम मी, मले जमलं नाही ते इनं करून दाखोलं."

निता आईकडे वळली.

"याडी, हे तू मले कदी सांगतलं नाही."

"लाज वाटे वं." रामीबाईनं लेकीचा हात आपल्या खरबरीत हातात घेतला. "यंदा फडावर गेली का पयले त्या टोयीले हुडकतो. त्यायची गाडी भरून देतो, मंगच माही भरतो."