म्हातारा की चिमणा

मेहुण्याने पान्याने बोल्ट आवळला, बाहीला घाम पुसला आणि लिफ्टच्या टपावरच्या लोखंडी तुळईवर दोन ठोके मारले.

“वर,” तो ओरडला.

वर मशीन रूममध्ये भाऊजींनी एका हाताने ब्रेकची दांडी दाबली असणार आणि दुसऱ्या हाताने चाक सैल सोडलं असणार, कारण टप हळूच हलला आणि शाफ्टच्या अंधारातून वर सरकू लागला. दोर ज्या भोकातून खाली येत होते, त्याच भोकातून भाऊजींचा आवाजही खाली येत होता.

“मुद्दा काय, तर पॉइंट गार्डने बास्केट करायचीच नसते. चेंडू खेळवत आणायचा आणि कुणाला द्यायचा ते ठरवायचं. म्हाताऱ्याने जन्मभर तेच केलं. न बघता पास द्यायचा तो. माणूस तिथे असणारच, हा भरवसा.”

“चिमण्याला भरवशाची गरजच नाही,” मेहुणा खालून म्हणाला. “अर्ध्या मैदानातून टाकतो आणि आत जातो. तुमचा म्हातारा एवढ्या लांबून टाकायला गेला असता तर खांदा निखळला असता.”

“लांबून टाकणं म्हणजे खेळ नव्हे,” भाऊजी म्हणाले. हे ते नेहमीच म्हणत.

म्हातारा आणि चिमणा ही या दोघांनी ठेवलेली नावं. म्हातारा बास्केटबॉलच्या व्यावसायिक लीगमधून केव्हाच निवृत्त झालेला, चिमणा सध्या गाजत असलेला. दोघांपैकी एकालाही यांनी प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं आणि पाहण्याची शक्यताही नव्हती. पण श्रेष्ठ कोण, हा वाद ताईच्या लग्नात पंगतीत सुरू झाला तो आजतागायत मिटला नव्हता. मेहुणा भाऊजींच्या हाताखाली लिफ्टदुरुस्तीच्या कामाला लागला, तेव्हा वादही कामावर आला आणि कामाचाच भाग होऊन बसला. एक माणूस वर चाकापाशी, दुसरा खाली टपावर, मध्ये काळोख. खालच्याचा आवाज येतोय तोवर खालचा ठीक आहे. बोलत राहा, असा कंपनीचा नियमच होता. कशाबद्दल, ते कंपनीने सांगितलेलं नव्हतं.

ठोक्यांचा नियम मात्र कंपनीचा नव्हता. तो भाऊजींनी हल्लीच काढला होता. दोन ठोके म्हणजे वर, तीन म्हणजे खाली, एक म्हणजे बस. तोंडाने सांगायचं ते सांगायचंच, पण तुळईवर पाना मारल्याशिवाय चाक हलणार नाही. धक्का दोरांतून थेट चाकात येतो, शब्दाचा काय भरवसा, असं त्यांचं म्हणणं. इतकी वर्षं शब्दावर चाललं ते आताच का चालेना, हे मेहुण्याला कळत नव्हतं. आपल्यावर विश्वास नाही, एवढंच त्याला कळत होतं, आणि ते त्याला झोंबत होतं.

त्यात आज सकाळी जिन्यातच ठिणगी पडली होती. मेहुण्याने चाक मागितलं होतं. मागितलं म्हणजे काय, आज तुम्ही खाली उतरा, मी वर थांबतो, एवढंच म्हणाला होता. चाक वरिष्ठाचं, हे त्यालाही ठाऊक होतं. पण त्याच्या मागून लागलेली पोरं दुसऱ्या जोड्यांमध्ये चाकापर्यंत पोचली होती.

“चाक माझ्याकडे राहील,” भाऊजी म्हणाले होते. “विषय संपला.”

“जन्मभर पासचं कौतुक सांगता,” मेहुणा म्हणाला होता, “आणि स्वतःच्या हातातला चेंडू काही सुटत नाही.”

भाऊजी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले होते, आणि मग पायऱ्या चढू लागले होते. तो राग मेहुण्याच्या डोक्यात अजून तसाच होता. टप सरकत असताना त्याने ठरवून पाना कमरेच्या पिशवीत टाकला आणि वर बटण लावून टाकलं. आता बस म्हणायचं ते तोंडानेच. माझ्या शब्दावर थांबतात की नाही, बघूच.

पुढचा बोल्ट समोर आला.

“बस,” तो म्हणाला.

बोल्ट खाली गेला. टप चालतच राहिला.

“आता तू म्हणशील, आकडे बघा,” वरून भाऊजी सांगत होते. “आकड्यांत पास दिसतो, पण पासच्या आधीचा विचार दिसतो का?”

“भाऊजी, बस.”

वरच्या मजल्याच्या दाराची कड आली आणि तीही खाली गेली. पिंजरा रिकामा होता आणि दोरांच्या दुसऱ्या टोकाचं वजन जड, त्यामुळे ब्रेक सुटला की लिफ्ट आपोआप वरच जाणार. काम हाताने चाललेलं, वीज तोडलेली, म्हणून टपावरचं लाल बटण आज नुसतं शोभेचं होतं. मेहुण्याने वर पाहिलं. शाफ्टचं छत, ज्याच्याकडे त्याने कधी नीट पाहिलंही नव्हतं, ते आता इतकं जवळ होतं की त्यावरची कोळिष्टकं दिसत होती.

“बस,” तो किंचाळला.

“घाई करू नकोस, माझं होऊ दे,” भाऊजी म्हणाले.

तो गुडघ्यांवर बसला, मग वाकला. पिशवीचं बटण तेलकट बोटांनी निघेना. हेल्मेट छताला घासलं आणि त्याचा करकर आवाज त्याच्या कानात भरला. त्याने बटण उपटूनच काढलं, पाना ओढला आणि पडल्या पडल्याच तुळईवर सगळ्या ताकदीने हाणला.

टप जागच्या जागी थांबला.

“एवढ्या जोरात नको रे,” भाऊजी म्हणाले. “हाताला झिणझिण्या आल्या. तर, मी काय सांगत होतो?”

मेहुणा पोटावर पडून राहिला. आधी त्याला भीती वाटली, मग ती ओसरली आणि संताप आला. खाली उतरायचं, थेट साहेबांकडे जायचं आणि सांगायचं, की हा माणूस स्वतःच्या बडबडीपुढे कुणाचं ऐकत नाही. ताईचा नवरा असला म्हणून काय झालं. त्याच्या हट्टापायी आपला जीव गेला असता, आणि आपण मरत असताना तो पासच्या आधीच्या विचाराबद्दल बोलत राहिला असता.

ऐकत नाही. हा शब्द त्याच्या डोक्यात एकदा आला, आणि परत आला.

रविवारी स्वयंपाकघरात ताई हसत म्हणाली होती, “ह्यांच्यात हल्ली फारच फरक पडलाय बरं का. मी बोलते तेव्हा तोंडाकडे बघून ऐकतात. मध्ये तोडत नाहीत. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच.” तेव्हा बाहेरच्या खोलीत भाऊजी सामना बघत होते, आवाज पूर्ण बंद करून. समालोचक डोकं खातो, असं ते सांगत.

मेहुणा हळूच उताणा झाला. भोकातून येणारा उजेडाचा पट्टा अगदी त्याच्या तोंडाजवळ होता. तो मोठ्याने आणि सावकाश बोलला.

“भाऊजी, पटलं मला. तुमचा म्हाताराच श्रेष्ठ. मी हरलो.”

इतक्या वर्षांत हे वाक्य त्याने कधी उच्चारलं नव्हतं. भाऊजींनी ते ऐकायला काय वाट्टेल ते केलं असतं. वर थोडा वेळ शांतता होती, नेहमी समोरच्याला बोलू देण्याइतकी.

“तू असं म्हणणारच,” भाऊजी म्हणाले. “तुझा चिमणा म्हणजे तुला देव. पण बचाव कोण करणार? तुझा मामा?”

मेहुण्याने डोळे मिटले.

“भाऊजी, तुम्हाला ऐकू येत नाही ना?”

“छे, छे,” भाऊजी हसून म्हणाले. “ते मला सांगूच नकोस.”

उत्तर चपखल बसलं, आणि तिथेच त्याला सगळं कळलं. या वादातलं त्याचं प्रत्येक वाक्य भाऊजींना पाठ होतं. त्याच्या वाट्याचं वाक्य संपेल एवढा वेळ ते थांबत आणि त्याचं उत्तर देत. वाद दोघांचा होता, पण कोण जाणे कधीपासून, बोलत ते एकटेच होते.

त्याने तीन ठोके मारले. लिफ्ट खाली आली. दारासमोर येताच एक ठोका मारला, ती लगेच थांबली. पाना टपावरच ठेवून, दार आतून उघडून तो बाहेर आला आणि जिना चढून वर गेला.

मशीन रूमच्या दाराकडे भाऊजींची पाठ होती. हातमोजे घातलेले दोन्ही तळवे चाकावर पसरलेले, मान खाली, डोळे मिटलेले. तापलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवून बसावं, तसे ते चाकाला हात लावून बसले होते. पुढच्या ठोक्याची वाट बघत होते.

“भाऊजी,” मेहुणा म्हणाला.

ते हलले नाहीत. त्याने पुन्हा हाक मारली, अगदी पाठीशी उभं राहून. मग पाय आपटला. फरशी हलली तसे ते दचकून वळले आणि त्यांची नजर आधी त्याच्या ओठांवर गेली.

“झालं सगळं?”

“मघाशी मी बस म्हणालो. तीनदा.”

“ठोका नव्हता,” भाऊजी म्हणाले.

“आवाज होता.”

भाऊजींनी दोरांच्या भोकाकडे पाहिलं.

“किती वर गेला होतास?”

मेहुण्याने हेल्मेट काढून त्यांच्या हातात दिलं. वरच्या बाजूला रंग खरवडला गेला होता आणि चुन्याचा पांढरा ओरखडा उमटला होता. भाऊजींनी त्यावरून अंगठा फिरवला. एकदा, मग पुन्हा. मग ते खाली फरशीवरच बसले.

“तुझ्या ताईला माहीत नाही,” ते म्हणाले.

मेहुणा समोर उकिडवा बसला, तोंड त्यांना दिसेल असं.

“ताई म्हणते, तुम्ही सुधारलात.”

“हो ना.” भाऊजींना हसू आलं आणि ते अर्ध्यावरच थांबलं. “आयुष्यात पहिल्यांदा खूश आहे ती माझ्यावर. कसं सांगू?”

मेहुण्याला त्यांचा राग येत होता आणि त्यांच्यासाठी जीवही तुटत होता, दोन्ही एकदमच, आणि कशाचं काय करावं ते कळत नव्हतं.

“मला सांगायचं होतं,” तो म्हणाला. “खाली मी असतो.”

“सांगितलं असतं तर तू चाक घेतलं असतंस.”

“घेतलंच असतं.”

“मग माझ्याकडे काय उरलं असतं?”

मेहुण्याने हेल्मेट परत घेतलं. भाऊजी बराच वेळ स्वतःच्या हातमोज्यांकडे बघत राहिले.

“साहेबांना संध्याकाळी मी सांगतो,” अखेर ते म्हणाले. “मीच. तुझ्या ताईलाही. तू मध्ये पडू नकोस.”

मेहुण्याने मान हलवली. भाऊजी गुडघ्यावर हात टेकून उठले, हातमोजे काढले आणि दाराकडे निघाले. दारातून बाहेर पडता पडता, मागे वळूनही न बघता, त्यांनी हातमोजे खांद्यावरून मागे फेकले.

मेहुण्याने ते झेलले.

“चाक हलकं आहे,” पायऱ्या उतरताना ते सांगत होते. “घट्ट धरून ठेवू नकोस. आणि ऐकू तुला येतं, माझा आवाज ठणठणीत आहे, तेव्हा एवढा मजला उरकून टाकू.”

हातमोजे आतून अजून गरम होते. मेहुणा चाकापाशी उभा राहिला. खाली दार सरकल्याचा आवाज आला, टपावर वजन पडल्याचा आला. मग दोन ठोके. धक्का दोरांतून चढला आणि त्याच्या तळव्यात येऊन पोचला, स्पष्ट, एखाद्याने हातावर टिचकी मारावी इतका.

“वर,” भाऊजी खालून ओरडले.

त्याने दांडी दाबली. चाक फिरू लागलं. ते खरंच हलकं होतं.

“बस.”

ठोका यायच्या आधीच त्याने चाक थांबवलं होतं. खाली बोल्ट आवळल्याची कुरकुर ऐकू आली. मग बराच वेळ काहीच नाही, आणि ती शांतता मेहुण्याला सोसवेना.

“काय रे,” भाऊजींचा आवाज आला. “गप्पसा? चिमण्याने मान टाकली वाटतं. कबूल?”

मेहुणा भोकावर वाकला. तोंड उघडलं, आणि मिटलं. मग त्याने खिडकीत ठेवलेला दुसरा पाना उचलला. एक म्हणजे बस, दोन म्हणजे वर, तीन म्हणजे खाली. त्याने चाकाच्या कण्यावर चार ठोके मारले.

“चार?” भाऊजी स्वतःशीच म्हणाले. “चार म्हणजे काय?”

मेहुण्याने परत चार मारले, जरा जोरात.

“अच्छा,” काळोखातून आवाज आला. त्याला पहिल्यासारखी धार चढली होती. “म्हणजे कबूल नाही. बरं. मग आता नीट ऐक.”